मंडळात पाऊस पडला म्हणजे आमच्या शिवारात पडला का? (पाऊस मोजणं आणि अंदाज वाचणं)

बालाघाट_वारा | २८ मे २०२५, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बार्शी-भूमच्या मधल्या पट्ट्यात आमचं गाव, चार एकर जिरायत आणि दीड एकर विहिरीवर. टीव्हीवर दोन दिवस एकच चाललंय, मान्सून २४ तारखेला केरळात आला, २६ ला मुंबईत आला, इतक्या लवकर मुंबईत कधीच आला नव्हता. आणि इकडं पण खरंच पडतोय, मे महिन्यात ओढा वाहिलेला मी आजवर बघितला नव्हता. शेजारचे दोघं-तिघं उडीद पेरायला निघालेत. मी थांबलोय पण जीव लागंना, वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, हातचा गेला तर?

दुसरी गोष्ट जास्त मनाला लागलेली. २०२३ चा ऑगस्ट कोरडा गेला ते सगळ्यांना आठवत असेल. आमचं सोयाबीन फुलात होतं, दुपारी पानं उलटी व्हायची, फिकट बाजू वर. पीक विम्यात पावसाचा २१ दिवसांचा खंड पडला तर काही रक्कम आगाऊ मिळणार होती. आमच्या शिवारात २६ दिवस थेंब नाही. पण महसूल मंडळाचं, म्हणजे गावांच्या गटाचं, पाऊस मोजायचं यंत्र आमच्यापासून ११ किलोमीटर, टेकडीच्या पल्याड, तिथं मधे एक दिवस सर येऊन गेली आणि खंड मोडला. आमचं अख्खं गाव बाद. अर्ज दिले, हेलपाटे घातले, जिथं जाईल तिथं एकच, "तुमच्याकडची नोंद दाखवा". नोंद कुठली दाखवू, वाळलेलं सोयाबीन होतं ते दाखवलं.

तवापासून डोक्यात आहे की आपल्या शिवारातला पाऊस आपणच मोजायचा. कसा मोजायचा आणि हे अंदाज वाचायचे कसे, जाणकारांनी सांगा.

मिलिबार | २८ मे २०२५, रात्री ११:०५

मी पुण्यात, हवामानाच्या कामात आयुष्य गेलं, आता निवृत्त आहे. आधी पेरणीचं सांगतो कारण ते तातडीचं आहे. थांबा. शेजाऱ्यांनाही थांबवा.

आत्ता जो पाऊस झाला त्यात अरबी समुद्रातल्या कमी दाबाचा मोठा हात आहे, त्याचं डिप्रेशन, म्हणजे आणखी तीव्र कमी दाब, होऊन ते २४ तारखेला रत्नागिरी आणि दापोलीच्या मधून जमिनीवर आलं, त्याने मान्सूनला ओढून आणलं. अशी सिस्टीम विरली की मागचा जोर कमी होतो आणि मान्सूनची रेषा आहे तिथेच अडकते, कधी आठवडा, कधी त्याहून जास्त. मान्सून "आला" म्हणजे आता रोज पडणार असा त्याचा अर्थच नाही. केरळात आगमन जाहीर करतात ते ठरावीक १४ केंद्रांपैकी ६० टक्के केंद्रांवर सलग दोन दिवस अडीच मिमी किंवा जास्त पाऊस झाला की, सोबत वाऱ्याची खोली, वेग आणि ढगांचं आवरण बघून. त्यात तुमच्या जमिनीतल्या ओलीचा कुठेही संबंध नाही.

उद्या गुरुवार आहे. हवामान खातं दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज काढतं, त्यातले पहिले दोन आठवडे नीट बघा, पुढचे दोन नुसता कल म्हणून. आणि कृषी खातं दरवर्षी सांगतं की ७५ ते १०० मिमी झाल्याशिवाय पेरू नका, तो पाऊस पेरणीच्या हंगामात सलग पडलेला हवा, मे मधला धरू नका, त्यातला बराच उन्हाने उडून जाईल.

कपाशी_पट्टा | २९ मे २०२५, सकाळी ७:१५

यवतमाळकडून. आमच्याकडे तर मान्सून अजून पोचलाच नाही अन् दुकानात बियाण्याची गर्दी सुरू झाली भाऊ. २०२३ मध्ये मी दुबार पेरणी केली, कपाशीचं बियाणं दोनदा घेतलं, त्याचा हिशोब अजून फिटला नाही. घरात बाबा म्हणतात मृगाआधी जमिनीला हात लावायचा नाही, मिरगाचा किडा दिसू दे, ते लाल मखमली. मी आधी ऐकत नव्हतो, आता ऐकतो. पण एक विचारायचं होतं, टीव्हीवर सांगतात देशात १०६ टक्के पाऊस. मग आमच्या तालुक्यात किती, हे कोणीच कसं सांगत नाही?

मिलिबार | २९ मे २०२५, सकाळी १०:३०

चांगला प्रश्न. तो १०६ टक्क्यांचा आकडा परवा २७ ला आला, एप्रिलमध्ये १०५ होता. तो अख्ख्या देशाचा, जून ते सप्टेंबर चार महिन्यांच्या बेरजेचा आहे, वर-खाली ४ टक्के धरून. सरासरी म्हणजे १९७१ ते २०२० ची, साधारण ८७ सेंटिमीटर. राजस्थान आणि मेघालय एकाच बेरजेत. हा आकडा धान्याचा साठा ठरवणाऱ्यांना, धरणवाल्यांना, रिझर्व्ह बँकेला उपयोगाचा. त्यावर तुम्ही पेरणीचा दिवस ठरवू शकत नाही, आणि तो काढणाऱ्यांनीही कधी त्यासाठी काढलेला नाही.

२००२ साल आठवा. तेव्हा मान्सूनच्या अंदाजाला वसंत गोवारीकरांचं १६ घटकांचं मॉडेल चालू होतं, १९८८ पासून वर्षानुवर्षं बरं चाललेलं. अंदाज होता नॉर्मलचा आणि जुलैमध्ये देशात निम्माच पाऊस झाला. पुढच्याच वर्षी मॉडेल बदललं. गोवारीकर मोठे शास्त्रज्ञ होते, यात त्यांना कमीपणा नाही, कारण एल निनो (प्रशांत महासागराचं पाणी तापणं), हिंद महासागराचं तापमान, हिमालयातला बर्फ यांचं पावसाशी असलेलं नातं दर काही दशकांनी ढिलं-घट्ट होतं. १९९७ ला एवढा मोठा एल निनो असून आपल्याकडे पाऊस सरासरीइतका झाला.

तालुक्याचा अंदाज का नाही, तर पुढच्या चार-पाच दिवसांचा आता बऱ्यापैकी मिळतो. बंगालच्या उपसागरात कमी दाब तयार होऊन विदर्भाकडे सरकणार असेल तर चार दिवस आधी कळतं आणि ते बहुतेक वेळा बरोबर निघतं. २६ तारखेलाच पुण्यात आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत बनलेलं भारत फोरकास्ट सिस्टीम हे अंदाजाचं मॉडेल सुरू झालं, आधी अंदाजाचे १२ किलोमीटरचे चौकोन होते आता ६ चे. पण ६ बाय ६ म्हणजे ३६ चौरस किलोमीटर, त्यात चार-पाच गावं बसतात, आणि वळवाचा एक ढग त्याहून लहान असतो. तो नेमका तुमच्या बांधावर फुटणार की पलीकडच्या, हे चोवीस तास आधी सांगणारं यंत्र जगात कुठेही नाही.

शिवारातली_बाई | २९ मे २०२५, दुपारी २:५०

मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका, माण तालुका. मला "तुरळक ठिकाणी" चा अर्थ हवाय. पालक येऊन विचारतात, मॅडम मोबाईलवर आलंय तुरळक ठिकाणी पाऊस, म्हणजे थोडा पडणार ना? मी पण आतापर्यंत हो म्हणत होते.

मिलिबार | २९ मे २०२५, दुपारी ४:२०

नाही नाही, हा गैरसमज फार पसरलाय. तुरळक हा शब्द जागेसाठी आहे, जोरासाठी नाही. त्या भागातल्या मोजणी केंद्रांपैकी पाव किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस होईल म्हणजे तुरळक ठिकाणी. पाव ते निम्मी म्हणजे काही ठिकाणी. त्याच्या वर बऱ्याच ठिकाणी, आणि तीन चतुर्थांशच्या वर बहुतांश ठिकाणी. जोराचे शब्द वेगळे, ६४.५ मिमीपासून मुसळधार म्हणजे हेवी, ११५.६ पासून अति मुसळधार, २०४.५ च्या पुढे अत्यंत मुसळधार. त्यामुळे "तुरळक ठिकाणी अति मुसळधार" हे वाक्य पूर्ण शक्य आहे, आणि ज्याच्या घरावर ते तुरळक येतं त्याचं सगळं वाहून जातं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी आणि त्याच २४ तासांत कुलाब्याला ७४ च्या आसपास. एकच शहर.

इशाऱ्याच्या रंगांचंही तसंच. पिवळा लक्ष ठेवा, केशरी तयारीत रहा, लाल म्हणजे आता कृती करा. केशरी आला आणि आपल्याकडे ऊन पडलं म्हणून पुढचा केशरी सोडून देऊ नका.

कोकणकडा | २९ मे २०२५, रात्री ८:१०

आता मोजायचं मी सांगते, माझ्या घरी ही वही वडिलांपासून आहे, संगमेश्वर तालुका. वडिलांचं पितळी पर्जन्यमापक होतं, पाच इंच तोंडाचं, आता मी साध्या बाटलीवर आलेय आणि दोन्ही शेजारी ठेवून बघितलं, फरक फार पडत नाही.

दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली घ्या, जिची मधली बाजू सरळ आहे अशी. जिथून मानेकडे निमुळती व्हायला लागते तिथे कापा. वरचा तुकडा उलटा करून खाली बसवा, झालं फनेल. बुडाला खळगे असतात म्हणून तिथे बारीक खडे घाला आणि खडे बुडून सरळ भाग लागेल इतकं पाणी ओता, त्या पाण्याच्या रेषेला शून्य. तिथून वर प्लास्टिकची पट्टी चिकटवा, मिलिमीटरवाली. फनेलचं तोंड आणि बाटलीची रुंदी एकच असल्याने जितकी उंची वाढली तितका पाऊस, गुणाकार भागाकार काही नाही. पाणी ओतून टाकलं की परत शून्यापर्यंत भरायचं, हे विसरलात तर दुसऱ्या दिवसाची नोंद चुकते.

जागा महत्त्वाची. झाडाखाली, पागोळीखाली, गच्चीच्या कठड्याशी नको. जे झाड किंवा भिंत असेल त्याच्या उंचीच्या निदान दुप्पट लांब. कडा जमिनीपासून फूटभर वर, म्हणजे चिखलाचे शिंतोडे आत उडत नाहीत, आणि फार उंच पण नको, वाऱ्याने थेंब बाजूने निघून जातात. चार विटांच्या मधे घट्ट बसवा. माझी एकदा वासराने पाडली.

वेळ सकाळी साडेआठ, रोज. ऊन असलं तरी जायचं आणि ० लिहायचं. मोकळी जागा सोडली तर पुढच्या वर्षी कळत नाही की पाऊस नव्हता की आपण गेलो नव्हतो. डोळा पाण्याच्या पातळीला आणून वाचायचं, पाणी कडेला थोडं चढलेलं दिसतं, मधला खोलगट भाग धरायचा. आणि आज साडेआठला मोजलेला पाऊस आजच्या तारखेला लिहायचा, जरी तो काल संध्याकाळी पडला असेल तरी, सरकारी पद्धत हीच आहे. यावरून फार गोंधळ होतो, लोक म्हणतात आकडा खोटा आहे, आकडा बरोबर असतो, तारीख एक दिवस पुढची असते.

परदेशी_पाऊस | ३० मे २०२५, पहाटे ४:३५

कोलोरॅडोमधून लिहितोय, मूळचा साताऱ्याचा. माझ्या परसात असंच एक मापक आहे, चार इंची. इथे १९९७ च्या जुलैमध्ये फोर्ट कॉलिन्स गावात पूर आला, गावाच्या एका टोकाला प्रचंड पाऊस आणि दुसऱ्या टोकाला त्याच्या तुलनेत किरकोळ, आणि सरकारी मापकं थोडी असल्याने किती पडला ते वेळेत कळलंच नाही. त्यातून पुढच्या वर्षी तिथल्या विद्यापीठातल्या लोकांनी कोकोराज नावाचं जाळं सुरू केलं, सामान्य माणसं रोज सकाळी सातला मोजतात आणि आकडा पाठवतात. आता अमेरिकाभर हजारो लोक करतात आणि तिथलं हवामान खातं हे आकडे वापरतं. महाबळेश्वरला साडेपाच हजार मिमी आणि पूर्वेला माणमध्ये पाचशेच्या आसपास, एका जिल्ह्यात एवढा फरक असलेल्या मुलखात अशा जाळ्याची गरज इथल्यापेक्षा कितीतरी जास्त आहे असं मला मनापासून वाटतं.

रब्बी_ज्वारी | ३० मे २०२५, सकाळी ९:००

सगळं छान आहे पण बाटलीचा आकडा विमा कंपनी मानणार आहे का? तहसीलला चालणार आहे का? आणि या खरिपापासून एक रुपयाचा पीक विमा बंद झाला, पावसाच्या खंडावर भरपाई मिळायची तो ट्रिगर वगैरे पण काढला, आता भरपाई पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे निवडक शेतांतलं पीक कापून उतारा मोजतात त्यावर. मग बालाघाटभाऊंनी रोज बाटली बघून काय मिळवायचं? लोकांना उगाच आशा लावू नका.

मिलिबार | ३० मे २०२५, सकाळी ११:४०

तुमचं बरोबर आहे, बाटलीचा आकडा सरकारी नोंद म्हणून चालत नाही. अतिवृष्टीच्या मदतीला मंडळात २४ तासांत ६५ मिमीच्या वर पाऊस हाच निकष आणि तो मंडळाच्या यंत्राचाच. राज्यात महावेध या हवामान प्रकल्पाची दोन हजारांवर स्वयंचलित केंद्रं आहेत, साधारण मंडळाला एक. पूर्वी तालुक्याला एक मापक होतं, त्या मानाने हे खूप पुढे आहे. पण एका मंडळात वीस-पंचवीस गावं असू शकतात आणि मधे डोंगर असला की मंडळ एक राहतं, पाऊस दोन होतात. गावपातळीवर केंद्रं बसवायची केंद्राची विंड्स योजना आहे, ती नेटाने लावून धरायला हवी.

त्या यंत्रातही मर्यादा असते. आत तराजूसारखी छोटी दोन पात्रं असतात, एक भरलं की कलतं आणि मोजलं जातं. ढगफुटीसारखा जोर असला की कलताना पाणी निसटतं, आकडा कमी येतो. जाळीत पाला अडकला तर त्याहून कमी. रडारने हे भरून निघेल असं वाटतं, पण रडारचा झोत सरळ जातो आणि पृथ्वी खाली वळते, २०० किलोमीटरवर तो जमिनीपासून चार किलोमीटर वर असतो, खाली काय पडतंय ते त्याला दिसत नाही.

मग रोज का मोजायचं, तर तुमच्या स्वतःच्या निर्णयासाठी. पेरायचं कधी, युरिया टाकायचा की दोन दिवस थांबायचं, विहिरीवरची मोटर लावायची का. एक मिमी पाऊस म्हणजे एकरी चार हजार लिटर पाणी. आणि दोन-तीन वर्षांची अखंड वही, पाच-सहा गावांची एकत्र, घेऊन ग्रामसभेचा ठराव केला की "यंत्र टेकडीच्या अल्याड पण बसवा" या मागणीला धार येते. २०२३ ला तुमच्याकडे तेवढंच नव्हतं.

बालाघाट_वारा | १ जून २०२५, सकाळी ८:५०

बाटली बसवली. चार विटा, कोकणकडा ताईंनी सांगितलं तशी. आज ०. लिहिलंय.

बालाघाट_वारा | १४ जून २०२५, सकाळी ९:१०

चौदा दिवसांची बेरीज १९ मिमी. शेजारच्यांचा उडीद उगवून माना टाकून बसलाय, रानाला भेगा. मला आनंद होत नाही हो, माणसं आपलीच आहेत. काल त्यातल्या एकाला घेऊन बाटली दाखवली, तो म्हणाला मला पण करून दे.

कपाशी_पट्टा | १४ जून २०२५, दुपारी १२:३०

इकडे ११ मिमी. मी पण बसवली. बियाणं घरातच आहे, बाबा रोज आभाळाकडे बघतात अन् मी बाटलीकडे. दोघंही थांबलो आहो.

शिवारातली_बाई | २ जुलै २०२५, सायंकाळी ५:२५

सातवीच्या मुलांनी शाळेच्या मैदानात एक आणि सहा जणांनी आपापल्या वस्तीवर एकेक बसवली. काल शाळेत ८ मिमी आणि दोन किलोमीटरवरच्या वस्तीवर ०. ज्याचं शून्य आलं तो मुलगा रडवेला झाला, त्याला वाटलं आपलं चुकलं. त्याला सांगितलं बाळा, तुझ्या शून्यामुळेच आपल्याला कळलं की सर कुठं संपली. आता तो सगळ्यांच्या आधी येऊन आकडा सांगतो. पुनर्वसू लागला की तरणा पाऊस, पुष्याला म्हातारा, मघाला सासूंचा, पूर्वाला सुनांचा, ही नावं पण वहीत समासात लिहून घेतलीत, आज्यांना विचारून आणली मुलांनी. वर्षाअखेर कोणत्या नक्षत्रात किती पडला ते मांडणार आहोत.

कोकणकडा | ३ जुलै २०२५, सकाळी ८:५५

वाचून डोळे भरून आले. माझे वडील पण नक्षत्रं समासातच लिहायचे.

बालाघाट_वारा | २२ सप्टेंबर २०२५, सकाळी ११:२०

रात्रभर झोप नाही. दोनला उठून बॅटरी घेऊन गेलो, बाटली काठोकाठ यायला लागली होती, ११८ वाचले, ओतली, शून्य केली, परत लावली. साडेआठला आणखी ४७. एकूण १६५. परंड्याकडं माणसं घरांच्या छपरावर आहेत, हेलिकॉप्टरनं काढतायत. सीना पात्र सोडून वाहतेय. आमचं गाव उंचावर म्हणून माणसं, जनावरं सुखरूप, पण सोयाबीन काढायला आलेलं होतं ते पाण्यात. पंचनाम्याला तलाठी येतील तेव्हा वही दाखवणार आहे. मानो न मानो.

कालच्या बुलेटिनमध्ये केशरी होता. मी संध्याकाळी जनावरं वरच्या गोठ्यात नेली ती त्यामुळंच.

रब्बी_ज्वारी | २२ सप्टेंबर २०२५, दुपारी १:०५

भाऊ, काळजी घ्या. काही लागलं तर इथंच लिहा, मी करमाळ्याकडं आहे, ट्रॅक्टर आहे माझ्याकडं. आणि मे मध्ये मी जे बोललो होतो ते मागं घेतो. मला पण बाटली कशी कापायची ते एकदा सांगा.

मिलिबार | २२ सप्टेंबर २०२५, दुपारी १:४०

दोनला उठून ओतली नसती तर दीडशेच्या पुढचं सगळं वाहून गेलं असतं आणि आकडा कायमचा हरवला असता. त्या पानावर दोन्ही नोंदी वेळेसकट वेगवेगळ्या ठेवा, नुसती बेरीज नको. आज फोटो काढून ठेवा, बाटलीचा, वहीच्या पानाचा आणि रानाचा. आठवड्याच्या शेवटी आणखी एक कमी दाब येतोय, सामान खाली उतरवू नका.

बालाघाट_वारा | २९ सप्टेंबर २०२५, सकाळी ८:४५

आज ६ मिमी. पलीकडच्या वाडीत शेजाऱ्याच्या बाटलीत १४, वरच्या माळावर ३. सप्टेंबरची माझी बेरीज ४१२. पाणी उतरतंय, रानात अजून गुडघाभर चिखल. करमाळ्याच्या भाऊंचा ट्रॅक्टर काल येऊन गेला, दोन पोती चारा ठेवून गेले आणि जाताना रिकामी बाटली घेऊन गेले.